बुटकी गाडी, ओलं अंगण आणि दोन चाकं बाहेर

स्पोर्ट्स कार घरी जॅकवर घ्यायची म्हटलं की लोक पहिलं विचारतात जॅक कुठला घेतलास, किती टनी, कितीला पडला. मी म्हणतो जॅकचं राहू दे, तुझं अंगण दाखव आधी. गोव्यात तरी निम्मा धोका जमिनीत असतो, गाडीचं नंतर बघू. आपल्याकडे अंगण म्हणजे काय, कुठे तांबडी माती, कुठे चिरे अंथरलेले, हल्ली सगळीकडे पेव्हर, आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून सगळ्याला गेटकडे उतार काढलेला. गवंडी जे काम चोख करून गेला तेच गाडी उचलताना अंगाशी येतं.

माझी गाडी २०११ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर, ई८९ म्हणतात ते मॉडेल, पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जातं ती. सेकंडहँड घेतलेली, घरच्यांच्या मते निव्वळ वेडेपणा. ह्या पावसात डिचोलीहून साखळीला जाताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावीकडची दोन्ही चाकं गेली, आधी पुढचं धाडकन आणि काही कळायच्या आत मागचं. टायर पुढे २२५/४०, मागे २५५/३५, अठरा इंची, त्यात रनफ्लॅट, हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, म्हणजे टायरची भिंत आखूड आणि वर कडक, मार टायर खात नाही, सरळ रिमला देतो. दोन्ही रिम आतल्या बाजूने वाकल्या. रिम सरळ करणारा म्हणाला गाडी नको, नुसती चाकं आणा आणि चार-पाच दिवस ठेवून जा. आता गंमत अशी की रनफ्लॅट असल्यामुळे ह्या गाडीला स्टेपनीच नाही, आणि स्टेपनी नाही म्हणून जॅकही नाही. म्हणजे गाडी डाव्या बाजूने चाकांविना अंगणात उभी ठेवायची, पावसाचे दिवस, आणि एका रात्रीचा प्रश्न नाही. पंक्चरला दहा मिनिटं उचलणं वेगळं आणि हे वेगळं.

तर जागा. माझ्याकडे गेटपाशी पेव्हर आहेत, दिसायला एकदम सपाट. पण पेव्हरच्या खाली असते बारीक खडीची भुकटी, पावसात पाणी शिरून ती कुठे कुठे वाहून गेलेली असते आणि वरून काही कळत नाही. चार चाकांवर गाडी उभी असते तेव्हा वजन रुंद टायरवर पसरलेलं असतं, तेच वजन जॅक स्टँडच्या, म्हणजे उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवतात त्या लोखंडी घोडीच्या, चार छोट्या पायांवर आलं की एक पाय एका पेव्हरवर, दुसरा शेजारच्यावर, आणि त्यातला एक पेव्हर अर्धा इंच जरी बसला तरी स्टँड तिरका. मातीचं तर बोलायलाच नको. डांबरी असेल तर दुपारच्या उन्हात नरम होतं, स्टँडचे पाय त्यात रुततात. शेवटी मागच्या शेडखालचं काँक्रीट ठरवलं. फोनमधलं लेव्हलचं ॲप लावलं, नंतर भाच्याची गोटी ठेवून बघितली, आणि खरं सांगायचं तर ॲपपेक्षा गोटीवर माझा जास्त विश्वास. गोटी हलली नाही तर जागा बरी.

आणि एक, वर माड आहे का बघा. हसू नका. दोन हात चाकाच्या कमानीत घालून बसलेला माणूस नारळ चुकवू शकत नाही.

शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "एवढं सामान कशाला रे, मागे चिरे पडलेत ते घाल दोन खाली, आमच्या वेळी जीपा चिऱ्यांवरच उभ्या असायच्या." खरंय, असायच्या. पण चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे तो चहूबाजूंनी बसवलेला असतो आणि वजन सगळ्या पाठीवर सारखं पडतं. गाडीच्या एका छोट्या पॅडचा भार एकाच जागी आला की तो फुटतो, आणि फुटायच्या आधी काही सांगत नाही. त्यात पावसात भिजलेला, भोकाभोकांचा. सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. काकांना मी हे सगळं सांगितलं नाही, नुसतं "बघतो" म्हटलं, उगाच वाद कोण घालणार.

माझे मामा मात्र ह्या बाबतीत खरे गुरू. खाणीच्या टिप्परवर मेकॅनिक होते, २०१२ साली खाणी बंद पडल्या तोवर. टिप्परचा हौदा वर करून खाली काम करायचं तर आधी टेकू लावायचा, मग डोकं घालायचं, ह्यावर ते पोरांना शिव्या घालायचे. हायड्रॉलिकबद्दल त्यांचं म्हणणं, "तेल धरतं तोवर धरतं रे बाबू, सोडताना तुला विचारणार नाही." आणि आहेच तसं, जॅकच्या आत एक रबरी सील असतं आणि एक छोटी गोळी व्हॉल्व्हवर बसलेली असते, त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की तेल हळूहळू परत टाकीत आणि गाडी खाली. जॅक उचलायला, धरायला स्टँड.

आता उचलायच्या आधी गाडी जागेवर कशी राहते हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक गाफील असतात. ही गाडी मागच्या चाकांवर चालते. हँडब्रेक, म्हणजे ह्या गाडीत ते बटण, तेही फक्त मागच्या चाकांना धरतं. ऑटोमॅटिक गिअर पी, म्हणजे पार्किंगमध्ये टाकला तर तोही मागच्याच चाकांना अडवतो, आणि तेही डिफरन्शियलमधून, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यातून. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल म्हणतं हवेतलं चाक फिरू दे, म्हणजे पी असून नसल्यासारखा. मागची दोन्ही उचलली तर गाडीला धरायला काहीच उरत नाही, पुढची चाकं मोकळी फिरतात. मला डावी बाजू उचलायची होती, म्हणजे ब्रेक धरणार उजवं मागचं एकटं चाक. म्हणून उजव्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचरी. लाकडाच्या, तिरक्या कापलेल्या, चाकाला घट्ट भिडतील अशा. रस्त्याकडेचा गोटा नको, गोल दगडावरून चाक आरामात चढून जातं.

मग बोल्ट. गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, पाव फेरा, जास्त नाही. ह्या गाडीला स्टड आणि नट नाहीत, बोल्ट येतात, सतराचा पाना. चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला एक वेगळा बोल्ट असेल तर त्याची चावी आधी शोधून ठेवा, गाडी वर घेतल्यावर डिकीत शोधाशोध करायची वेळ नको. वर घेतलेल्या गाडीची डिकी, दार, काहीच उघडझाप करू नये, आणि छप्पर उघडणाऱ्या गाडीचं छप्पर तर मुळीच नाही, एक कोपरा वर असताना बॉडी थोडी पिळलेली असते आणि त्यात एवढा जड पत्रा मागे सरकवायचा म्हणजे काय. गाडी लॉक करूनही उचलू नका, अलार्मला झुकाव ओळखणारा सेन्सर असेल तर सगळा वाडा जागा होईल.

जॅक. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असला तरी तेरा-चौदा सेंटीमीटरचा असतो, तो ह्या गाडीखाली जातच नाही, पुढचा प्लास्टिकचा ओठ आडवा येतो. लो प्रोफाइलवाला आठ-नऊ सेंटीमीटरला बसतो, तो हवा. तोही कोपऱ्यात अडतोय वाटलं तर मी आधी गाडी फळ्यांवर चढवून घेतो. सॉ मिलमधून मत्तीच्या फळ्यांचे तुकडे आणलेत, दीड इंच जाड आणि टायरपेक्षा रुंद. मत्ती म्हणजे आपला राज्यवृक्ष, पण माझ्या लेखी तिची थोरवी ही की दाबाखाली चेपत नाही आणि चीर गेली तर लगेच दिसते.

ट्रॉली जॅकला चाकं का असतात हे खूप जणांनी कधी विचारलेलं नसतं. ने-आण करायला असतात, ते आहेच, पण खरं कारण वेगळं. जॅकचा हात सरळ वर जात नाही, गोलाकार वर जातो, म्हणजे वर जाता जाता त्याचं डोकं आडवंही सरकतं. गाडी तर सरकणार नाही, पाचरी लावल्यात. मग जॅकनेच गाडीखाली थोडं सरकायला हवं, त्यासाठी ती चाकं. आता जॅकची चाकं पेव्हरच्या फटीत अडकली, खडीत रुतली किंवा गंजून बसली असली तर जॅक सरकत नाही, आणि मग सरकतं ते डोकं, पॅडवरून. गाडी जॅकवरून पडते ती बहुतेक अशी. म्हणून मी पंप मारताना डोळे गाडीवर ठेवत नाही, जॅकच्या पुढच्या चाकावर ठेवतो. प्रत्येक दोन-तीन पंपाला ते केसभर तरी फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर थांबायचं, उतरवायचं, खाली एकोणीस एमएमच्या मरीन प्लायचा तुकडा घालायचा आणि परत.

लावायचं कुठे? सिलच्या, म्हणजे दाराखालच्या लांब कडेच्या खाली, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दोन्ही बाजूंना एकेक, असे चार काळे चौकोनी पॅड आहेत. तेवढेच. बाजूचा जो सुंदर स्कर्ट दिसतो ते नुसतं प्लास्टिक आहे, पंक्चरवाल्याने बाटली जॅक तिथे लावला की कडकन आवाज येतो आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत राहतात. जॅकच्या लोखंडी डोक्यावर त्या चौकोनात बसेल असा रबराचा ठोकळा ठेवायचा. मधोमध कुठे इंजिनाखाली किंवा डिफरन्शियलखाली लावा असं सांगणारे भेटतील, तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तो पॉइंट दाखवला असेल तरच.

इथे खरी अडचण सुरू होते. पॅड एक, त्यावर जॅक बसला, मग स्टँड कुठे ठेवणार? उंच एसयूव्हीला चॅसीवर दहा जागा मिळतील, ह्या गाड्यांना नाही. मी ह्यासाठी आडव्या दांडीचे स्टँड मागवले. ती दांडी जॅकच्या डोक्यावर ठेवायची, मधला भाग पॅडला लागतो, गाडी वर घेतली की दांडीच्या दोन्ही टोकांखाली पाय सरकवायचे, खिळ्या घालायच्या आणि जॅक मधून काढून घ्यायचा. महाग आहेत. एक मित्र म्हणाला आपला वेल्डर दोन दिवसात बनवून देईल, फोटो दाखव फक्त. गेट बनवून देईल, स्टँड नाही. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट नावाच्या मोठ्या दुकानाला आपले तीन टनी आणि सहा टनी स्टँड परत मागवावे लागले, उंची धरून ठेवणारे दात नीट धरत नव्हते म्हणून, आणि त्याच्या बदल्यात दिलेल्या काहींच्या वेल्डिंगमध्ये पुन्हा दोष सापडला. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या मालाचं हे, तर गल्लीतल्या वेल्डची खात्री कोण देणार. दातवाला स्टँड असेल तर 'कट' आवाजावर जाऊ नका, वाकून बघा, खिटी दातात पूर्ण बसलीय की टोकावर टेकलीय. आणि लेबल वाचा, काही कंपन्या वजनाचा आकडा एका स्टँडचा देतात, काही जोडीचा.

पहिला कोपरा उचलताना वाटतं की हे चाक सुटतच कसं नाही जमिनीवरून, बॉडी वर वर जातेय आणि टायर तिथेच. स्प्रिंग मोकळी होतेय, बाकी काही नाही. टायर जमिनीपासून बोट-दोन बोटं सुटला की पुरे, त्यापुढे हौस नको. आधी पुढचा डावा घेतला, स्टँडवर टेकवला, जॅकचा व्हॉल्व्ह अगदी हळू, पाव फेऱ्याहूनही कमी सोडत, वजन स्टँडवर आलं की गाडीला खांद्याने बऱ्यापैकी ढोसून बघितलं. हलायची असेल तर आत्ता हलू दे, चाक गाडीला आहे तोवर.

दुसरा कोपरा मला जास्त नाजूक वाटतो. मागचा डावा वर जाताना अख्खी डावी बाजू थोडी फिरते, आणि पुढच्या स्टँडवरचं वजन कमी-जास्त होतं, त्याचा एखादा पाय जमिनीवरून केसभर उचलला जाऊ शकतो. तुम्ही मागे पंप मारताय, पुढे काय चाललंय दिसत नाही. म्हणून भाच्याला लांब, बाजूला बसवलं, गाडीच्या आवाक्याबाहेर, आणि काम एकच, पुढच्या स्टँडच्या पायाखाली कागद घातला होता तो सुटतोय का बघ आणि ओरड. दोनदा ओरडला. दोन्ही वेळा खाली घेऊन स्टँड सरळ करून परत घेतली. वेळ गेला, जाऊ दे.

मग चाक निघेना! हे आपल्या हवेचं खास देणं. ॲल्युमिनियमची रिम, लोखंडाचा हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, मध्ये पावसाळाभराचा ओलावा आणि समुद्रावरची खारी हवा, दोन्ही एकमेकांना असे चिकटतात की बोल्ट सगळे काढले तरी चाक मख्ख. लोक काय करतात, दोन्ही हातांनी धरून जिवाच्या आकांताने ओढतात, गाडी जॅकवर असताना. नको रे बाबांनो. दोन बोल्ट तीन-चार आट्यांवर राहू द्यायचे म्हणजे चाक सुटलं तरी पायावर येणार नाही, आणि टायरला, रिमला नाही, आतल्या बाजूने लाकडी हातोड्याने एकदा वर एकदा खाली असं ठोकत फिरवत राहायचं. पाचव्या-सहाव्या ठोक्याला 'टप्' असा कोरडा आवाज येतो आणि मधून तांबडी भुकटी झडते, म्हणजे सुटलं.

चाकं गेली रिमवाल्याकडे. एरवी काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवतात, स्टँड गेलाच तर गाडी चाकावर बसते, हात वाचतो. माझ्याकडे चाकंच नव्हती, म्हणून मत्तीचे ठोकळे दोन आडवे दोन उभे असे रचून पॅडशेजारच्या मजबूत भागाखाली, वर दोन बोटं फट सोडून. स्टँडच्या पायांभोवती खडूने रेघ मारली आणि सिलपासून काँक्रीटपर्यंतची उंची टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायचं आणि मोजायचं. आई म्हणायची आज किती वाढली गाडी. रेघ ओलांडली नाही, माप बदललं नाही. पोरांचं क्रिकेट तेवढे दिवस देवळापुढे हलवलं, लाच म्हणून बॉल घेऊन द्यावा लागला. ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत तांबडा गंज येतो, त्याला घाबरायचं नाही, पहिल्या दोन ब्रेकला जातो.

परत बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून घेतला आणि मधल्या गोल कडेला अगदी पातळ अँटीसीझ, म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट. बोल्टच्या आट्यांना ग्रीस नाही, तेल नाही, काही नाही, त्या कोरड्याच हव्यात, कारण टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो, तेलकट केल्या तर तेवढ्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. स्टड नसल्यामुळे चाक हवेत धरून भोकं जुळवणं हा छळ आहे, दीड-दोनशे रुपयांत गाईड पिन बनवून मिळते, ती एका भोकात घालायची, चाक तिच्यावर लटकवायचं. इथे वेल्डर-टर्नरकडे खुशाल जा, ह्यात जीव नाही अडकलेला. बोल्ट सगळे आधी हाताने फिरवायचे, मग चांदणीच्या क्रमाने पान्याने बेताचे, आणि मग स्टँड काढून गाडी खाली घेऊन टायर जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंच.

ह्या गाडीचा आकडा १२० न्यूटन मीटर. म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्यावर साधारण चोवीस-पंचवीस किलोचा दाब, बस. आपल्याकडे पान्यावर उभं राहून उडी मारायची पद्धत आहे, सत्तर किलोचा माणूस चाळीस सेंटीमीटरच्या पान्यावर नुसता उभा राहिला तरी २७० च्या वर जातं, उडीचं वेगळं. आणि इम्पॅक्ट गनवाले तर घर्रर्र करून पुढच्या गाडीकडे निघालेले असतात. जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो, आणि पुढच्या वेळी सोडवताना तुटला तर मग बसा. रेंच एकदा 'क्लिक' झाली की थांबायचं, खात्री म्हणून दुसरा-तिसरा क्लिक घेत बसू नका, प्रत्येक क्लिकला थोडं थोडं पुढे जातंच.

नंतर फोंड्याला जाऊन आलो, जुने गोवे-बाणस्तारी असा लांबचा फेरा मारून, स्टिअरिंगची थरथर गेली होती. शंभरेक किलोमीटरच्या आत थंड चाकांवर परत रेंच लावायची, हब आणि रिममधली उरलीसुरली भुकटी दबून बोल्ट किंचित सैल पडलेला असू शकतो. माझे नऊ जागच्या जागी होते, एक मागचा थोडा फिरला.

जॅक आता शेडमध्ये, व्हॉल्व्ह मोकळा करून आणि हात पूर्ण खाली बसवून ठेवलाय, म्हणजे आतला दांडा तेलात राहतो, गंजत नाही. पावसानंतर त्याच्या चाकांच्या आसांना ग्रीस द्या, ती फिरली पाहिजेत हे वर सांगितलंच. तेल कमी झालं असेल तर हायड्रॉलिक जॅक ऑइलच टाका, दुकानात डबीवर लिहिलेलं असतं. घरात पडलेलं ब्रेक ऑइल चालेल का असं काकांनी विचारलं. नाही चालत, त्याने आतलं रबर फुगतं आणि सील जातं.